जखम भरली म्हणजे उपदंश गेला का?

गुप्तांगावरील जखमेविषयीचा एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा: जखम दुखत नसेल तर तो गुप्तरोग नव्हे, मलम लावून ती भरली की आजार संपला, शंका उरलीच तर व्हीडीआरएल ही रक्ततपासणी करावी आणि ती निगेटिव्ह आली की निर्धास्त राहावे, जोडीदाराला त्रास नसेल तर त्याच्याकडे विषय काढण्याचे कारण नाही. उपदंश, म्हणजे सिफिलिस, या आजाराच्या बाबतीत ही चारही विधाने चुकीची आहेत.

पहिले विधान तर वस्तुस्थितीच्या नेमके उलट आहे. ट्रेपोनेमा पॅलिडम हा जिवाणू शरीरात शिरल्यावर १० ते ९० दिवसांत, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, त्या जागी जी जखम होते ती सहसा एकच, बुडाशी टणक आणि न दुखणारी असते. जांघेत अवधाण येते, तेही फारसे दुखत नाही. गर्भाशयमुखावर, गुदद्वाराच्या आत किंवा तोंडात झालेली अशी जखम अनेकदा रुग्णाच्या लक्षातही येत नाही. दुखणाऱ्या बारीक फोडांचा पुंजका हर्पिस या विषाणूजन्य आजाराची शंका निर्माण करतो हे खरे, परंतु जखमेत दुसरा जंतुसंसर्ग झाला किंवा दोन आजार एकाच वेळी जडले तर उपदंशाची जखमही दुखू शकते. केवळ पाहून निदान करताना अनुभवी त्वचारोगतज्ज्ञही फसतात.

मलमाचा मुद्दा अधिक घातक आहे, कारण तो रुग्णाला अनुभवाने पटतो. ही जखम काहीही न करता ३ ते ६ आठवड्यांत भरून येते आणि श्रेय मलमाला मिळते. जिवाणू मात्र तोवर रक्तावाटे सर्वत्र पोहोचलेले असतात. पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अंगावर, विशेषतः तळहातांवर आणि तळपायांवर, बहुधा खाज नसलेले चट्टे उठतात, केस चकत्याचकत्यांनी गळतात, गुप्तांगाभोवती ओलसर चपटे उंचवटे येतात. हे चट्टे ॲलर्जी समजून त्यांवर स्टेरॉइडचे मलम चोळले जाते, आणि तेही कालांतराने आपोआप जातात. त्यानंतर वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. उपचार न झालेल्यांपैकी काहींच्या महाधमनीवर किंवा मेंदूवर १०-२० वर्षांनी परिणाम दिसतो; डोळे, कान आणि मज्जासंस्था यांना तर कोणत्याही टप्प्यावर इजा होऊ शकते.

आता तपासणी. जखम नुकतीच झाली असताना व्हीडीआरएल निगेटिव्ह येऊ शकते, त्यामुळे संशय असेल तर काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. चट्ट्यांच्या टप्प्यात प्रतिपिंडे इतकी वाढलेली असतात की रक्तद्रव पातळ करून न तपासल्यास निकाल क्वचित खोटा निगेटिव्ह येतो. उलट गर्भारपण, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) किंवा कुष्ठरोग यांत उपदंश नसतानाही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून टीपीएचएसारख्या दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. टीपीएचए मात्र बरे झाल्यावरही बहुतेकांत आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, आणि तो अहवाल पाहून पुन्हा पुन्हा इंजेक्शने घेणारे रुग्णही भेटतात. बरे होण्याचा माग व्हीडीआरएलच्या टायटरवरून, म्हणजे रक्तद्रव किती पट पातळ केल्यावरही ती पॉझिटिव्ह येते त्यावरून, काढतात: १:३२ वरून १:८ पर्यंतची, म्हणजे चौपट, घट ही उपचार लागू पडल्याची खूण होय. याच वेळी एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी.

उपचार सुदैवाने जुना आणि खात्रीचा आहे. सुरुवातीच्या टप्प्यांत बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे एक इंजेक्शन पुरते. आजार जुना किंवा केव्हाचा ते ठाऊक नसलेला असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. मज्जासंस्था किंवा डोळे यांना बाधा झाली असल्यास शिरेतून पेनिसिलिन द्यावे लागते.

जोडीदाराविषयीचा सल्ला हे सारे निष्फळ करतो. उपदंश एकदा झाल्याने कायमची प्रतिकारशक्ती येत नाही, त्यामुळे उपचार न घेतलेल्या जोडीदाराकडून तोच आजार पुन्हा जडतो. रुग्णाला सुरुवातीच्या टप्प्यातील उपदंश असेल, तर त्याच्या निदानापूर्वीच्या ९० दिवसांत ज्यांच्याशी त्याचा संबंध आला त्यांना, तपासणी निगेटिव्ह आली तरी, उपचार देण्याचीच शिफारस आहे. जोडीदार गर्भवती असेल तर गर्भपात, मृत बालकाचा जन्म किंवा बाळाला जन्मजात उपदंश होण्याचा धोका असतो. गर्भारपणात पेनिसिलिनला पर्याय मानला जात नाही. त्याची ॲलर्जी असलेल्या स्त्रीलाही रुग्णालयात टप्प्याटप्प्याने ते सोसण्याजोगे करून तेच दिले जाते.