रिपोर्ट नॉर्मल, तरी बरं वाटत नाही

नमस्कार. घरी दुर्लक्ष होतं असं सांगणारे ज्येष्ठ आपली तब्येतही वाईट सांगतात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही रोखठोक लिहिलंत, बरं झालं. तुमचे आक्षेप दोन. रिपोर्ट नॉर्मल असताना ‘बरं वाटत नाही’ म्हणणं ही म्हातारपणाची कुरकुर, लक्ष वेधून घेण्यासाठी केलेली. आणि मी आजारपणाचं खापर मुलांवर फोडतोय. उलट खंगलेल्या माणसालाच आपल्याकडे दुर्लक्ष होतंय असं वाटत असेल.

दुसऱ्यात तथ्य आहे. तब्येत आणि दुर्लक्ष, दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत विचारल्या तर आधी काय आणि मागाहून काय, ते कळत नाही. खचलेला माणूस दोन्हीकडे वाईटच सांगणार.

पहिला मात्र अजिबात पटला नाही. ‘एकंदरीत तुमची तब्येत कशी आहे?’ एवढ्याशा प्रश्नावर कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या ज्येष्ठांचा एक अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. तब्येत वाईट सांगणारे पुढच्या काही वर्षांत जास्त संख्येने दगावले, वैद्यकीय नोंदींतली प्रकृती हिशेबात धरूनसुद्धा! १९९७ मध्ये अशा २७ अभ्यासांचा आढावा निघाला. बहुतेकांचा सूर तोच. नुसत्या कुरकुरीला एवढं कुठून कळणार? रक्त तपासून न दिसणारं काहीतरी त्या माणसाला आतून जाणवत असतं.

आता मुलांचं. दुर्लक्ष म्हणजे छळच, असं मी म्हटलेलं नाही. पायाची नखं घ्या. वाकता येत नाही, म्हणून कापली जात नाहीत. ‘कापून दे’ म्हणायला संकोच वाटतो. ती वाढून जाड होतात, चप्पल टोचते, मग चालणं कमी, मग पायातला जोरच जातो. घरात कुणी वावगं वागलेलं नसतं. डॉक्टरकडेही बीपी, साखर बघतात. मोजे कोण काढायला लावतो? (कानाच्या मशीनचा संपलेला सेलही असाच महिनोन् महिने राहतो आणि घरचे म्हणतात, ‘हल्ली बोलतच नाहीत.’)

आणखी एक, जे तुमच्या प्रतिक्रियेत आलंच नाही. ज्यांच्याकडे खरोखर कुणी बघत नाही, त्यांतले कित्येक तक्रारच करत नाहीत. ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणून मोकळे होतात. ओझं व्हायला नको, किंवा सांगून उपयोग नाही हे ठाऊक असतं. त्यातून मुलगा किंवा सून शेजारी बसून ऐकत असेल तर उत्तर ठरलेलंच. म्हणून हा प्रश्न एकट्याला गाठून विचारावा, असं मला वाटतं.

सांभाळणाऱ्यांच्या ओढाताणीबद्दल लिहिलंत ते शंभर टक्के खरं. त्यावर वेगळं लिहायचंय.