तुटलेल्या कॉलचा एक रुपया मिळवण्याची खात्रीशीर पद्धत

यवतेश्वरचा घाट चढताना ऐन कामाचा फोन तुटला? ओटीपी आला तेव्हा त्याची मुदत संपलेली? वा! आपण एक रुपयाचे मानकरी आहात. तो पदरात पाडून घ्यायला फक्त एवढंच करा.

आधी २०१६ सालात जा. त्या १ जानेवारीपासून ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम होता : कॉल तुटला की लावणाऱ्याच्या खात्यात १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३. मात्र ११ मेच्या आत परत या. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं नियम रद्द केला.

न्यायालयावर चिडू नका. निकाल वाचा आणि नियम लिहिणाऱ्याची पाठ थोपटा. शंभरात दोन कॉल तुटलेले चालतील, हा ट्रायचाच दर्जाचा निकष. रुपया मात्र पहिल्याच तुटलेल्या कॉलपासून. बरेच कॉल ग्राहकाच्या बाजूनं तुटतात, हे ट्रायच्याच कागदात. दंड मात्र सरसकट कंपनीला. ट्राय कायद्याचं कलम ३६ नियम करू देतं, पण ते मूळ कायद्याशी सुसंगत हवेत, मनमानी नकोत. असलं भुसभुशीत बांधकाम कोर्टात टिकेल कसं? कंपन्यांच्या वकिलांना फार घाम गाळावाच लागला नाही! न्यायालयानं संसदेलाही सुचवलं होतं, की नियामकानं मसुदा मांडावा, हरकती घ्याव्यात, कारणं द्यावीत असा कायदा करा. आणि संसदेनं काय केलं? २०२३ चा दूरसंचार कायदा आणला. त्यात आपला रुपया शोधून दाखवा.

पोराकडं अमेरिकेला जाऊन सुटाल म्हणता? तिथं कायदा मोघम असेल तर नियामकानं लावलेला अर्थ न्यायालयांनी मानायची १९८४ पासूनची रीत सर्वोच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये मोडली. जानेवारी २०२५ मध्ये त्याच आधारावर नेट न्यूट्रॅलिटीचे (कंपनीनं सगळ्या वेबसाइटना सारखंच वागवायचे) नियम उडाले.

तुटलेल्या कॉलच्या सरासरीवर श्रद्धा ठेवा. आपल्या सर्कलमध्ये, म्हणजे टेलिकॉम विभागात, गोवाही येतो.

गच्चीवर जा.

एवढ्यानं भागलं नाही तर १९८ लावा, तारीख-वेळ-जागा सांगा, तक्रारीचा डॉकेट क्रमांक लिहून घ्या. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडं जा; त्यानं ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्रायकडं एकट्यादुकट्याची तक्रार चालत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात चालते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. सेवेसाठी मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी शून्य.

पण जाणार कोण? डॉकेट क्रमांक मागितलात कधी? "आपल्याकडं असंच असतंय" म्हणायचं आणि पुढचा रिचार्ज मारायचा. ट्रायचे मसुदे महिनाभर हरकतींसाठी पडलेले असतात, कंपन्या पानंच्या पानं पाठवतात. सातारा-सांगलीतून तुम्ही चार ओळी लिहिल्यात? मग नियम कच्चा निघाला म्हणून बोंबलता कशाला?