आदिवासी भागात कर्करोग शिबिर घेण्याचे खात्रीशीर उपाय

मे महिन्यात आमच्या आश्रमशाळेच्या पटांगणात ‘भव्य कर्करोग निदान शिबिर’ पार पडलं. माझ्याकडे गर्दी जमवायचं काम होतं. त्या पुण्याईवर चार सल्ले देतो. कधी गडचिरोली जिल्ह्यात भामरागडकडे सेवा करायची हुक्की आली, तर उपयोगी पडतील.

तारीख मेचीच धरा. तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. अख्खं गाव पहाटे जंगलात, दुपारी घरी पुडे बांधत, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे विकायच्या ठिकाणी. हातात रोख पैसा येतो तो याच दिवसांत. म्हणून शिबिर सकाळी अकराला ठेवा. कोणी फिरकलं नाही की माइकवरून म्हणता येतं, “या लोकांमध्ये जागृतीच नाही.”

बॅनर आधी छापा, डॉक्टर मग शोधा.

भाषण शुद्ध मराठीत करा. ‘प्रतिबंधात्मक उपाययोजना’ हे शब्द हवेतच. समोरच्या बायका माडिया बोलतात, त्याला तुम्ही काय करणार? दुभाष्या मीच होतो. वीस मिनिटांच्या भाषणाचं माडियात “खर्रा खाऊ नका” एवढंच झालं. तेही सांगताना जीभ अडखळली, कारण मंचावर मागच्या खुर्च्यांवर दोन मान्यवर पन्नीत खर्रा घोटत बसले होते. त्यातली सुपारी एकटीसुद्धा कॅन्सरला पुरते, तंबाखू आणि चुना वरून.

बायकांची तपासणी सातवीच्या वर्गात करा, आणि खिडकीला पडदा बिलकूल लावू नका.

आता मुख्य सल्ला. फॉर्मवर मोबाइल नंबर सक्तीचा करा. बाईकडे मोबाइल नाही? मास्तरांचा टाका. ३७ फॉर्मांवर माझा नंबर आहे. तेव्हापासून मी ३७ जणांचा ‘प्रिय लाभार्थी’ झालोय. रिपोर्टसाठी लिंक येते, लिंक ओटीपी मागते, आणि ओटीपीसाठी मला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, कारण रेंज तिथेच. खाली उतरेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. जुलैत असाच एक रिपोर्ट उघडला. एका मावशीचा. गालाच्या आत पांढरा चट्टा, तोंड इतकं आखडलेलं की दोन बोटंही आत जाईनात. शिबिरात तुकडा काढून घेतला होता. रिपोर्ट इंग्रजीत. मला एकच शब्द कळला, कार्सिनोमा. म्हणजे कॅन्सर. तोवर पर्लकोटा नदी फुगलेली. पाणी उतरल्यावर पायी तिच्या गावी गेलो तर मावशी धानाच्या बांधीत चिखलात रोवणी करत होती. नागपूरला जावं लागेल म्हटलं. तीनशे किलोमीटरच्या पुढे. लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यायची तर शनिवार-रविवार सोडून रोज, सहा-सात आठवडे. महात्मा फुले योजनेत उपचार फुकट आहेत हो, मान्य! पण सोबत जाणाऱ्या लेकाची मजुरी कोणत्या योजनेत बसते? राहायचं कुठे? मावशीने तर तेही विचारलं नाही. तिने विचारलं, “तिथे माझ्याशी बोलेल कोण?” तुमच्या फॉर्मवर याला रकाना नाही. ती गेली नाही. मीही नेऊ शकलो नाही, ते वेगळंच डाचतंय.

आणि गेल्या आठवड्यात फोन. “शिबिरातील सेवेला एक ते पाचपैकी किती गुण द्याल?”

गुण कसले मागता? विचारायचं ते आधी विचारायचं असतं! याच जिल्ह्यात शोधग्रामला डॉक्टर बंग दांपत्याने लोकांना विचारलं होतं, दवाखान्यात का येत नाही? लोक म्हणाले, तिथे आमचा देव नाही, आमच्या माणसांना सोबत राहू देत नाहीत. म्हणून १९९३ साली झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला, दंतेश्वरी देवीच्या नावाने. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलने दहावी शिकलेल्या बायकांना व्हिनेगर लावून गर्भाशयमुख तपासायला शिकवलं. २०१३ साली निष्कर्ष आला, त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. आमच्या शाळेतून दहावी झालेल्या माडिया मुली काय फक्त मान्यवरांना पुष्पगुच्छ द्यायला आहेत? “आमच्या गावात आम्हीच सरकार” म्हणणारं मेंढा गाव याच जिल्ह्यातलं. आणि तुम्हाला ग्रामसभेला साधी तारीख विचारायला कमीपणा वाटतो!

आता पुढच्या शिबिराचं पत्र आलंय. नोव्हेंबर. ऐन धानकापणीत. ‘उपस्थिती राहील याची दक्षता घ्यावी.’

नाही घेणार. आधी ग्रामसभेत येऊन खाली बसा, तारीख लोक देतील. मावशीसोबत नागपूरला राहील अशी माडिया बोलणारी बाई द्या, पगार देऊन. तिच्या लेकाची मजुरी द्या. आणि रिपोर्ट माझ्या मोबाइलवर ढकलू नका, घेऊन या. घर मी दाखवतो.