हात बसतो, पण माणूस आडवा झाल्यावर

कीबोर्डकडे न पाहता दहाही बोटांनी टंकलेखन करण्याचा पण मी पन्नाशी उलटल्यावर केला, आणि पहिल्याच संध्याकाळी माझ्या लक्षात आले की माझ्या डाव्या हाताची करंगळी आजवर केवळ पाचाची संख्या भरायला होती. मधल्या बोटाला हाक मारली की ती धावत येई आणि तिला स्वतःला हाक मारली की अनामिका पुढे होई. दीड तास नेटाने रेटूनही चुका वाढतच गेल्या, तेव्हा मी लॅपटॉप मिटला आणि रागाने झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडही न धुता सहज बसलो, तर आदल्या रात्री ज्या शब्दावर बोटांचा गुंता होत होता, तोच शब्द सरळ उमटला.

या चमत्काराचा शोध घेताना झोपेचे अभ्यासक मॅथ्यू वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2002 सालचा प्रयोग माझ्या हाती लागला. त्यांनी उजव्या हाताने कामे करणाऱ्या लोकांना डाव्या हाताने 4-1-3-2-4 असा क्रम तीस सेकंद बडवायचा आणि तीस सेकंद थांबायचे, असे बारा वेळा करायला लावले. त्यानंतर दिवसभर जागे राहिलेल्यांची गती फारशी वाढली नाही. रात्रभर झोपून आलेल्यांची मात्र सुमारे 20 टक्क्यांनी वाढली, तीही चुका न वाढता. शिवाय बोटे जिथे अडखळतात, नेमकी तीच वळणे झोपेत अधिक सुधारतात, असे पुढे दिसून आले. माझ्या करंगळीची जणू स्वतंत्र शिकवणीच!

'तुमची बोटे दमली होती, ती विसावली, एवढेच,' पत्नी म्हणाली. हीच शंका पुढे काही संशोधकांनीही घेतली आहे आणि ती अजून पुरती मिटलेली नाही, ही गोष्ट मी तिला मुद्दाम सांगितली नाही.

मला त्या प्रयोगातला एक तपशील विशेष भावला होता. हा फायदा झोपेच्या दुसऱ्या टप्प्याशी, त्यातही रात्रीच्या शेवटच्या चतुर्थांशाशी जोडलेला आढळला होता. याच टप्प्यात मेंदूत सेकंदाला साधारण 12 ते 15 आवर्तनांच्या छोट्या लहरी उठतात आणि आलेखात त्या चातीसारख्या दिसतात, म्हणून त्यांना 'स्पिंडल' म्हणतात. थोडक्यात, उशिरा उठणे हा आता माझा आळस नसून गृहपाठ होता. मी गजर बंद केला.

गृहपाठ म्हटला की माझी झोप उडते, हे शाळेपासूनचे दुखणे मी विसरलो होतो. दहाला आडवा झालो, तो बारा वाजले तरी डोळ्याला डोळा लागेना. दोन वाजता, जी रात्र अजून सुरूच झालेली नाही तिचा शेवटचा चतुर्थांश नेमका कधी लागणार, याचा हिशेब मी करत होतो, आणि करंगळी उशीच्या अभ्र्यावर 'अ' बडवत होती. ती अचूक बडवत होती, हे त्यातल्या त्यात अधिक चीड आणणारे होते.

पहाटे कधीतरी झोप लागली असावी, कारण आठ वाजता कोणीतरी माझा खांदा गदागदा हलवत होते.

'थांब,' मी डोळे न उघडता म्हणालो, 'माझ्या स्पिंडल चालू आहेत.'

'ऐकू येत होत्या,' पत्नी म्हणाली आणि पांघरूण ओढून घेतले.