चार वाजताचं पूर्वेचं ऊन

घर घेताना माझी एकच अट होती, दार पूर्वेला हवं. नातेवाइकांना वास्तुशास्त्र सांगितलं, खरं कारण जळगावचा मे महिना. पारा 45च्या आसपास रेंगाळत असतो तेव्हा दुपारनंतर ओट्यावर सावली असणं ही आमच्याकडे श्रीमंती समजली जाते. पश्चिमेला दार असलेली मंडळी हिरव्या जाळ्या आणि ओले गोणपाट बांधून आत कोंडून घेतात. मी चार वाजता ओट्यावर चहा घेऊन बसायचो आणि त्यांच्याबद्दल मनापासून हळहळायचो.

मग समोरच्या अण्णांनी जुनं घर पाडलं. तीन मजले चढवले आणि गल्लीकडची अख्खी बाजू निळसर आरसाकाचेने मढवून घेतली. वास्तुशांतीला आम्ही मांडे-आमरस जेवून आलो, काचेपाशी उभं राहून केस नीट केले, तोंडभरून कौतुकही केलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता माझ्या ओट्यावर पूर्वेकडून ऊन आलं.

म्हणजे सकाळचं कोवळं ऊन अण्णांच्या तीन मजल्यांनी अडवायचं आणि चार वाजता शिळं झालं की मला परत करायचं, असा हा व्यवहार.

साधी काच तशी सभ्य असते. ऊन समोरून पडलं तर तिच्या एकेका पृष्ठभागावरून जेमतेम 4 टक्के मागे फिरतं, दोन्ही मिळून 8. बाकीचं बहुतेक आत जातं. तिरकं आलं असेल तर काचेत शिरताना एकीकडे वाकतं, बाहेर पडताना उलटं वाकून पुन्हा मूळच्या दिशेला लागतं आणि घरमालकाच्याच सोफ्यावर पसरतं. ज्याची काच, त्याचं ऊन. अण्णांच्या काचेवर मात्र धातूचा पातळ थर आहे. तो आलेल्या उन्हातलं बरंचसं दारातूनच वाटेला लावतो. ज्या कोनात आलं त्याच कोनात परत, हा नियम मलाही शाळेपासून पाठ आहे. त्या कोनाच्या दुसऱ्या टोकाला आपण राहायला जाऊ, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

आमच्या गच्चीला चुना लावलाय. चुनाही ऊन परतवतोच, पण खडबडीत असल्यामुळे सगळ्या दिशांना थोडं थोडं वाटून टाकतो, कोणाच्या डोळ्यावर येत नाही. ही काच मात्र नाव-पत्ता लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवते.

बरं, ते एका जागी बसेल तर शपथ. सूर्य खाली उतरतो तसतसे काचेवरून येणारे किरण आडवे होत जातात आणि ऊन घरात पुढे सरकतं. चारला ओटा, मग उंबरा, मग सोफा, साडेपाचला थेट टीव्ही. क्रिकेटची मॅच असली तर निम्मं मैदान दिसतं, बॉल कुठे गेला ते कॉमेंट्रीवरून ताडायचं. भिंतीवरचे कवडसेही सरळ चौकोनी नाहीत. काचा बसवताना किंचित दबतात, फुगतात, त्यामुळे कुठे उजळ कडं उमटतं, कुठे फुली. एक फुली रोज बरोबर माझ्या टकलावर येते.

शेवटी मी अण्णांना गाठलं. अण्णा शांतपणे म्हणाले, “भाऊ, ऊन काय मी बनवतो का? वरून येतं. मी तर घरातसुद्धा घेत नाही.”

मी त्यांना लंडनचं उदाहरण दिलं. तिथे फेंचर्च स्ट्रीटवर एक उंच काचेची इमारत बांधली, दर्शनी बाजू आत वळलेली. 2013च्या उन्हाळ्यात तिने ऊन गोळा करून रस्त्यावर उभ्या असलेल्या एका जॅग्वार गाडीचे भाग वितळवले. पुढे त्या इमारतीवर ऊन अडवायच्या पट्ट्या लावाव्या लागल्या. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमच्याकडे जॅग्वार आहे?”

मग जशास तसं. जुन्या कपाटाचा आरसा काढून मी ओट्यावर मांडला. आरसा एक अंश कलला की किरण दोन अंश सरकतो, हे गणित कागदावर सोपं आहे. अण्णांच्या गॅलरीवर नेम धरला होता. उजेड गेला शेजारच्या काकूंच्या देवघरात. काकूंनी आधी हात जोडले. दुसऱ्या दिवशी तोच उजेड त्यांच्या डोळ्यात गेला तेव्हा जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मला खरी मदत केली ती रात्रीने. आरसाकाच ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूला आरसा होते. दिवसा बाहेर लख्ख, म्हणून अण्णांना आम्ही दिसतो आणि आम्हाला आम्हीच. रात्री गल्लीत अंधार आणि अण्णांच्या घरात झगझगीत दिवे. मग उलटं. आतल्या माणसाला काचेत स्वतःचं घर दिसतं आणि बाहेरच्याला त्याचं अख्खं घर. अण्णांना वाटायचं, काच दिवसरात्र पडद्याचं काम करते. जेवण झाल्यावर आम्ही ओट्यावर बसायचो आणि समोर तिन्ही मजले सुरू असायचे. वरच्या मजल्यावर सुनेचं फोनवर भांडण, मधल्यावर नातवाची शिकवणी, खाली बनियनवरचे अण्णा.

एका सकाळी दूध घेताना मी सहज म्हणालो, “काल शेवभाजी झणझणीत झालेली दिसते. तिसऱ्यांदा रस्सा घेतला तुम्ही. डॉक्टरांनी तिखट बंद केलंय ना?”

अण्णांचा चेहरा पडला. त्यांनी काचेकडे बघितलं, मग माझ्या ओट्याकडे, मग ओट्यावरच्या खुर्च्या मोजल्या. त्याच दुपारी ते दारात हजर. “काच काढूनच टाकतो भाऊ. साधी बसवतो, आतून जाड पडदे.”

मी चहा सांगणार, एवढ्यात आई बाहेर आली. आई अमळनेरकडची. रागावली किंवा घाबरली की तिची अहिराणी सुरू होते.

“काचले हात नको लावू रे भाऊ! आजून कुरडया बाकी शेतस!”

तेव्हा माझं लक्ष खाली गेलं. ओट्यावर खाट, खाटेवर जुनी साडी आणि साडीभर ज्वारीचे बिबडे. आईचे गुडघे दुखतात, गच्चीवर चढवत नाही. एरवी वाळवण वर नेण्यासाठी ती रोज कोणाची तरी मनधरणी करायची. यंदा दुपारची झोप झाली की आपलीआपण ओट्यावर मांडून मोकळी. ऊन सरकेल तशी खाटही उंबऱ्याकडे सरकवायची.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. काकूंनीही गॅलरीतून ओरडून सांगितलं की त्यांचे उडदाचे पापड परवा लाटायचे आहेत, ओट्यावर थोडी जागा ठेवा.

काच अजून आहे. संध्याकाळी आईने बिबड्यांचा पहिला डबा माझ्याच हातून अण्णांकडे पाठवला. ऊन त्यांचं होतं ना, म्हणाली.