दर किती, की धरायचं कुठं?

विषय निघाला शेअर-रोख्यांच्या प्रत्येक सौद्यावर छोटासा कर लावण्याचा. मास्तर बाजूनं, ब्रोकर विरोधात, आणि सीए दोघांच्याही हिशेबात खोट काढायला. तिघांपैकी निवडणुकीला कोणी उभं नाही, एवढं बरं.

"०.१ टक्का म्हणजे लाखाच्या सौद्यावर शंभर," मास्तर म्हणाले. "वर्षानुवर्षं शेअर धरून ठेवणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. दिवसभर आत-बाहेर करणारा मात्र भरेल."

"भरणार नाही, सौदाच बंद करेल," ब्रोकर. "लाखामागं वीस सुटतात म्हणून तो दिवसाला शंभर सौदे करतो. शंभर कर लावलात की त्याचा धंदा संपला. आजची उलाढाल गुणिले दर, हा नेत्यांचा हिशेब तिथंच फसतो. स्वीडन बघा. १९८४ साली शेअरखरेदीवर ०.५ टक्का, विक्रीवर ०.५. १९८६ मध्ये दुप्पट. १९९० पर्यंत निम्म्याहून जास्त उलाढाल लंडनला गेली. १९९१ अखेर कर गुंडाळला."

"लंडनलाच का?" सीएनं विचारलं. "तिथं तर शेअरखरेदीवर ०.५ टक्का मुद्रांक शुल्क होतंच, आजही आहे. पण ते ब्रिटिश कंपन्यांच्या शेअरवर. स्वीडननं कर बसवला देशी ब्रोकरच्या सेवेवर. परदेशी ब्रोकर गाठला की सुटका. ब्रिटननं शेअरच धरला. घेणारा कुठल्याही देशात बसलेला असो, कागदी हस्तांतराला शुल्क भरल्याशिवाय मालकीची नोंद नाही आणि इलेक्ट्रॉनिक सौद्यात क्रेस्ट ही सेटलमेंट यंत्रणाच कापून घेते. पळणार कुठं?"

"सीएफडीत," ब्रोकर हसला. "शेअर घ्यायचाच नाही, भावातल्या फरकाची देवघेव करायची. मालकी बदलत नाही, शुल्क नाही."

"मग डेरिव्हेटिव्हही, म्हणजे शेअर-रोख्यांच्या भावावर बेतलेले असे करारही धरा. युरोपियन कमिशनच्या २०११ च्या प्रस्तावात शेअर-रोख्यांवर ०.१ आणि डेरिव्हेटिव्हवर ०.०१ टक्का होताच की!" मास्तर.

"होता, आणि सगळ्या देशांचं एकमत झालं नाही. २०१३ मध्ये अकरा देशांपुरता मसुदा आला, तोही अडकला. त्यात रेपोही होता ना?" सीएनं मुद्दा पकडला. "बँका रोखे देऊन रात्रीपुरते पैसे उचलतात, सकाळी परत. एका रात्रीला ०.१ टक्का म्हणजे वर्षाच्या हिशेबानं साडेछत्तीस टक्के. रेपो वगळलाच पाहिजे. मार्केट मेकरही, म्हणजे सतत खरेदी-विक्रीचे भाव देऊन बाजार चालू ठेवणारे मधले व्यापारी. नाहीतर एकच शेअर मधल्या तीन हातांतून जाताना प्रत्येक टप्प्यावर कर चढत जातो."

"आणि पेन्शन फंड?" ब्रोकर. "वर्षाला निम्मे शेअर बदलले तरी शंभरामागं विक्री पन्नास, खरेदी पन्नास. दोन्हीकडं ०.१ धरा. तीस वर्षांत जवळजवळ तीन टक्के पुंजी गेली."

"मग फंडानं कमी बदलावेत," मास्तर. "नाहीतर फक्त खरेदीवर लावा, निम्मं ओझं उतरतं."

त्यावर ब्रोकरला उत्तर सुचलं नाही, म्हणून त्यानं ऑप्शन काढला, म्हणजे ठरल्या भावानं शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क देणारा करार. "लाखाचा करार, त्या हक्काची किंमत म्हणजे प्रीमियम पाचशे. ०.०१ टक्का कशावर? लाखावर लावलात तर दहा, म्हणजे प्रीमियमचे दोन टक्के. प्रीमियमवर लावलात तर पाच पैसे. दोनशे पट फरक!"

"प्रीमियमवर," मास्तर.

"मग सगळे शेअर सोडून ऑप्शनच घेतील," सीए म्हणाला.