कोरा चहा

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाईक ठोकून पुढे जावं, मला राग येणार नाही. राग जिथे यायचा तिथे येऊन झालाय.

दुपारी भादलीजवळ नात्यातल्या एकांच्या शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत, कळण्याच्या पुऱ्या, सगळं फर्स्टक्लास. चार-पाच पुरुषमंडळी तुरीच्या ओळींमागे बसली होती, कशासाठी ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. त्यातले एक जण, नाव लिहीत नाही, माझे लांबचे दीर लागतात, स्टीलचा ग्लास हातात घेऊनच पंगतीत येऊन बसले. राम गणेश गडकऱ्यांच्या दारूवरच्या नाटकाचा विषय कुठून निघाला देव जाणे. हे म्हणाले, "वहिनी, गडकऱ्यांनी 'एकच प्याला' लिहिलं ते काय उगाच? माणूस स्वतः जाम पीत असणार. प्यायल्याशिवाय तळीराम लिहिताच येत नाही."

सगळे हसले. माझा नवरासुद्धा हसला, त्याचं मी घरी बघून घेतलंय.

मी तिथे काही बोलले नाही. तोंडात घास होता आणि समोर सासरची चार मोठी माणसं होती. पण हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. लहानपणी हेच वाक्य माझ्या वडिलांबद्दल ऐकलंय.

आमचे आप्पा तापीकाठच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक. गणपतीत गावात नाटक व्हायचं, मारुतीच्या पारापुढे बैलगाड्या जोडून वर फळ्या टाकलेल्या. 'एकच प्याला' तीन-चार वर्षं तरी झालं असेल, आणि त्यातला दारुडा तळीराम आप्पाच. जिभेचा जडपणा, डोळ्यांचं ते अर्धवट मिटणं, खांबाला धरायला जाणं आणि खांब हातभर लांबच असणं. लोक हसून हसून लोळायचे. बाटलीतली दारू म्हणजे मी केलेला कोरा चहा. दुपारी करायचा, गार करायचा, पातळ धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळायचा, म्हणजे बाटलीत गाळ दिसू नये. मी तेव्हा पाचवी-सहावीत. त्या बाटलीचा मला इतका अभिमान होता की नाटक बघताना मी आप्पांकडे कमी आणि बाटलीकडे जास्त बघायचे.

आणि गावात लोक काय म्हणायचे? गुरुजी चोरून घेत असणार, नाहीतर इतकं हुबेहूब कसं जमतं.

दीरभाऊ, ऐकताय ना? तुमचा शोध आमच्या पारावर चाळीस वर्षांपूर्वीच लागला होता.

आता गडकऱ्यांबद्दल. ते घ्यायचे की नाही, हा प्रश्नच मला फालतू वाटतो. 'प्रेमसंन्यास'मधला गोकुळ सगळं विसरतो, म्हणजे गडकरी विसराळू. 'भावबंधन'मधला घनश्याम सूडानं पेटलेला, म्हणजे गडकरी खुनशी. आणि 'एकच प्याला'तली सोशिक सिंधू? तिच्यावरून काय काढायचं? ज्या माणसानं तळीराम लिहिला त्यानंच सिंधू लिहिली, एकाच बैठकीत, एकाच दौतीतून. पण सिंधूवरून कोणी काही काढत नाही. काढायचं ते बाटलीवरूनच. माणूस मोठा असला की त्याचं काहीतरी चोरटं सापडल्याशिवाय आपल्याला झोप लागत नाही.

गंमत म्हणजे हे बोलणं जिथे चाललं होतं तिथून भादली स्टेशन काही लांब नाही. ५ मे १९१८ ला तिथेच बालकवी रेल्वेखाली गेले. आमच्या धरणगावचा माणूस, वय अठ्ठावीससुद्धा पूर्ण नाही. त्यावरही आमच्याकडे अजून पारावरच्या गप्पा चालतात, कविता उदास होत्या म्हणजे मुद्दामच गेले असणार. अरे, 'आनंदी आनंद गडे' त्यांनीच लिहिलंय ना? मग ती कविता त्या दिवशी कुठे गेली होती?

आणि पुण्यात तर पात्राच्या तोंडची वाक्यं लेखकाच्या गळ्यात बांधून २०१७ च्या जानेवारीत संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळाच उखडून नदीत टाकला. ती वाक्यं 'राजसंन्यास'मधली, आणि ते तर अपुरंच राहिलेलं नाटक. (त्यातल्या मजकुरानं लोक दुखावले, ते मला कळतं. पण तो वाद इथे नको, कमेंटमध्ये सुरू केलात तर डिलीट करीन.)

मुद्द्यावर येते. माणसाचं आयुष्य त्याच्या लिखाणात उतरतच नाही, असं मी म्हणत नाही. उतरतं. पण वाकडं उतरतं. गडकऱ्यांचा नवसारीला १८८५ मध्ये जन्म, म्हणजे जन्मापासून गुजराती मुलुखात. वडील लहानपणीच गेले. पुढे कॉलेज अर्धवट सुटलं आणि किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांना शिकवण्याची नोकरी. गुरू मानले ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना, जे जळगावला वकिली करायचे. आपलं जळगाव नव्हे, जळगाव जामोद. (दरवेळी कोणीतरी छाती फुगवतं, म्हणून सांगितलं.) आणि कवितेसाठी नाव घेतलं गोविंदाग्रज. गोविंदाचा थोरला भाऊ. मला या नावाचं फार वाटतं. स्वतःचं नाव बाजूला ठेवून माणूस म्हणतो, मी कोणाचा तरी मोठा भाऊ आहे, एवढंच लिहा. बाप गेलेल्या घरातल्या थोरल्या मुलालाच हे सुचतं.

आणि सिंधूचा नवरा सुधाकर पितो तो कशानं? चैनीनं नाही. कोर्टात अपमान झाला, वकिलीची सनद गेली, मानी माणूस, तोंड दाखवायला जागा नाही. तिथे तळीराम प्याला पुढे करतो. डिग्री नसलेला, मोठमोठ्या नटांच्या कंपनीत पोरांना धडे देणारा एक तल्लख तरुण अपमान काय असतो हे ओळखून नसेल?

बघा. मीही तेच करायला लागले. दीरभाऊंनी बाटलीवरून काढलं, मी सनदेवरून काढलं. ठीक आहे, कबूल. पण माझं जरा बरं आहे.

आता राग वेगळीकडे वळतोय, त्याला इलाज नाही. सिंधू. मला ही बाई सहन होत नाही. नवऱ्याच्या काठीनं पोर जातं, स्वतः मरायला टेकते आणि फौजदाराला सांगते की मी पडले, पडून लागलं. कॉलेजात असताना यावर मी वर्गात भांडले होते. गडकऱ्यांना बाईच्या तोंडून एवढंच सुचलं? तळीरामाची बायको गीता तरी त्याला दोन शब्द सुनावते. सिंधू दळण दळते आणि 'कशि या त्यजू पदाला' म्हणते. बालगंधर्वांनी ते गाऊन अख्ख्या महाराष्ट्राला रडवलं म्हणे. रडले आणि घरी जाऊन काय केलं?

हे एवढं लिहून पाच मिनिटं थांबले होते. कारण इथे आमची मोठी माय येते.

मोठी माय म्हणजे आप्पांची आई. कपाळावर डाव्या भुवईच्या वर बोटभर लांब व्रण, कुंकू नेहमी त्याला टाळून लावायची. लहानपणी आम्ही विचारायचो. ती म्हणायची, "वट्टावरथीन पडनू." म्हणजे ओट्यावरून पडले. दरवेळी तेच उत्तर, त्याच दोन शब्दांत, सुपात धान्य पाखडता पाखडता. नाटकाला पहिल्या रांगेत सतरंजीवर बसायची. तळीरामाला पोट धरून हसायची, पोरगाच तो तिचा. आणि शेवटच्या अंकाआधी उठून घरी निघून जायची. गुडघे दुखतात म्हणून. दरवर्षी त्याच ठिकाणी गुडघे दुखायचे.

आप्पांना एका वर्षी सुधाकर कर म्हणून गळ घातली होती. सुधाकर करणारा मुंबईला कामाला गेला होता. आप्पा नाही म्हणाले. उंची कमी आहे म्हणाले. उंचीचं काय आहे त्यात! आमच्या घरातला सुधाकर म्हणजे आमचे आजोबा, मी त्यांना पाहिलं नाही, फोटो आहे, फेटा बांधलेला. सुधाकर आप्पांना पाठ होता, अगदी बोलण्यासकट. तो त्यांनी फळ्यांवर चढवला नाही. चढवला तो फक्त हसायचा भाग.

त्यामुळे जो म्हणेल की प्यायल्याशिवाय तळीराम जमत नाही, त्याला माझं म्हणणं एवढंच आहे. समोर बसून बघणाऱ्याला जास्त नीट दिसतं. पिणाऱ्याला सकाळी काही आठवत नाही. दारामागे उभ्या राहिलेल्या पोराला पावलं मोजता येतात.

आणि सिंधूचं खोटं मला आता पूर्वीसारखं फेकून देता येत नाही. आवडत नाहीच. पण 'मी पडले' हे वाक्य गडकऱ्यांनी कल्पनेतून आणलं नसणार, कुठल्या तरी घरात ऐकलं असणार, असं मला मोठ्या मायमुळे वाटतं. शंभर वर्षांपूर्वी लिहिलेलं वाक्य आमच्या स्वयंपाकघरात अहिराणीत ऐकू येत होतं.

गडकऱ्यांनी हे नाटक रंगमंचावर पाहिलंच नाही. २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गेले, क्षयानं, तेहेतिसाव्या वर्षी. पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला केला, २० फेब्रुवारीला. अठ्ठावीस दिवस. पदंसुद्धा वि. सी. गुर्जरांनी रचली. लोक तळीरामाला कुठे हसतात, कुठे गप्प होतात, मध्येच कोण उठून जातं, यातलं काहीच त्यांना बघायला मिळालं नाही. आप्पांना निदान विंगेतून तेवढं दिसायचं.

आता ते राहिलेलं सांगते, ज्यासाठी खरं तर एवढं टाईप केलं. माझ्या मोठ्या बहिणीला पारोळ्याकडचं एक स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीला, माणसं बरी. मुलाच्या मामांनी त्या गणपतीत आमच्या गावी नाटक बघितलेलं. बैठकीत पोहे खाता खाता त्यांनी आप्पांना विचारलं, "गुरुजी, रोज घेता की सणावारी?" आप्पा हसले. म्हणाले, "तो चहा होता." मामाही हसले. पुढे निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

आप्पांनी त्यानंतर तळीराम केला नाही. कोणी विचारलं की उंचीचंच सांगायचे.

ताईचं पुढे चांगलं झालं, भुसावळला असते, दोन नातवंडं आहेत. हे टाकायच्या आधी तिला फोन करून विचारलं, तुझ्या स्थळाचं लिहिलं तर चालेल का. खूप हसली. म्हणाली, लिही, आणि त्या दीराला हेही सांग की चहा बिनसाखरेचा असायचा. पहिल्या वर्षी तू साखर टाकली होतीस, बाटलीभोवती सगळ्या माशा. आप्पा एका हातानं माशा हाकलत होते आणि लोकांना वाटलं तेही नाटकातलंच.